९७-० : जास्त जिंकणाऱ्याला बाहेर काढणारी लीग

आज आधी एक स्कोअर ऐका. सत्त्याण्णव - शून्य.

बास्केटबॉल नाही, कबड्डी नाही. अमेरिकन फुटबॉल. २०१७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट थॉमस विद्यापीठाने सेंट ओलाफ कॉलेजला ९७-० ने हरवलं. या खेळात एक टचडाउन म्हणजे ६ गुण, आणि त्यानंतरच्या किकचा १. सात-सातचा हिशोब धरला तर जवळपास १४ वेळा समोरच्याच्या हद्दीत घुसायचं आणि त्याला एकदाही घुसू द्यायचं नाही.

यानंतर दोन वर्षांच्या आत, मे २०१९ मध्ये, त्यांच्या लीगने सेंट थॉमसला बाहेरचा रस्ता दाखवला. चीटिंग नाही, घोटाळा नाही, नियम मोडलेला नाही. लीगने अधिकृतपणे जे मुख्य कारण दिलं त्याचा साध्या मराठीत अर्थ असा, की स्पर्धेत बरोबरी राहिलेली नाही. आणि ज्याला काढलं तो कुणी कालचा आलेला मेंबर नव्हता. १९२० साली ही लीग ज्या सात कॉलेजांनी मिळून सुरू केली, त्यातलंच हे एक.

ऐकल्याबरोबर आपण म्हणतो, हे काय? हरणाऱ्यांनी रडून जिंकणाऱ्याला हाकललं! माझीही पहिली रिअ‍ॅक्शन हीच होती. पण या लीगचा शंभर वर्षांचा इतिहास बघितला की प्रकरण इतकं सरळ राहत नाही. आज तोच इतिहास बघू.

लीग म्हणजे एक करार

लीगचं नाव मिनेसोटा इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स. आद्याक्षरं जोडून तिकडे सगळे 'मायॅक' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिचे तीन थर आहेत. टीव्हीवर दिसणारी लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम्स, ती डिव्हिजन वन. सगळ्यात खाली डिव्हिजन थ्री, ४०० हून जास्त कॉलेजं. इथला मुख्य नियम म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. म्हणजे पोरगा केमिस्ट्री शिकायला आलाय, फी भरतोय, लॅब संपली की संध्याकाळी पॅड चढवून मैदानात येतोय. यातले जवळजवळ कुणीच पुढे प्रोफेशनल होत नाहीत.

मग कॉन्फरन्स कशासाठी? तुम्ही मोबाइलवर रँक्ड गेम खेळत असाल तर मॅचमेकिंग माहीत असेल. तुमच्या लेव्हलचाच माणूस समोर यावा म्हणून सर्व्हर धडपडतो. कॉन्फरन्स म्हणजे हाताने केलेलं मॅचमेकिंग. एकमेकांच्या जवळची, एकमेकांसारखी कॉलेजं ठरवतात, की दरवर्षी आपण आपापसात खेळायचं. एवढाच करार. यातला 'एकमेकांसारखी' हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

तळाची टीम

सेंट थॉमसबद्दल बोलण्याआधी दुसऱ्या टोकाला जाऊ. मॅकॅलेस्टर कॉलेज. हेही सेंट पॉल शहरातलं आणि हेही सात संस्थापकांपैकी एक. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान इथे शिकले, १९६१ साली पदवी घेऊन बाहेर पडले. अभ्यासात नाव मोठं. फुटबॉलमध्ये मात्र १९७४ ते १९८० या काळात या कॉलेजने एक भलताच विक्रम केला. सलग ५० सामने हरले.

पन्नास! म्हणजे एखादा मुलगा पहिल्या वर्षाला आला, चार वर्षं खेळला, डिग्री घेऊन गेला, आणि त्याने एकही विजय बघितला नाही. १९७७ मध्ये याच लीगमधल्या कॉन्कॉर्डिया कॉलेजने त्यांना ९७-६ ने हरवलं. पुन्हा तोच आकडा, ९७. तेव्हा कॉन्कॉर्डियाला बाहेर काढा असं काही झालं नाही. मार खाणं हा मॅकॅलेस्टरचा प्रश्न मानला गेला.

सप्टेंबर १९८० मध्ये माउंट सेनारिओ कॉलेजविरुद्ध ११ सेकंद उरलेले असताना फील्ड गोल मारून मॅकॅलेस्टर १७-१४ ने जिंकलं आणि ती मालिका संपली. पण लीगमधली अवस्था फारशी सुधारली नाही. शेवटी २००१ च्या सीझननंतर मॅकॅलेस्टरने फुटबॉलपुरता मायॅकचा निरोप घेतला. बाकीचे खेळ तिथेच, फुटबॉल वेगळा. सगळ्यात कमजोर टीम स्वतःहून बाजूला झाली आणि त्यावर फार कुणी लेख लिहिले नाहीत.

२००३ चा सीझन

आता या लीगचा सगळ्यात गाजलेला सीझन. २००३. मैदानात नऊ टीम. त्यातली एक, सेंट जॉन्स. मिनियापोलिसपासून साधारण १३० किलोमीटरवर कॉलेजव्हिल नावाच्या ठिकाणी जंगल, तळं आणि बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. त्या मठाचं हे फक्त मुलांचं कॉलेज.

त्यांचे कोच जॉन गॅलार्डी तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि १९५३ पासून तिथेच होते. पण कोचिंग त्याच्याही आधी सुरू झालेलं. १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या खाणींच्या गावात त्यांच्या शाळेच्या कोचला महायुद्धासाठी सैन्यात बोलावलं. शाळा टीम बंद करायच्या बेतात होती. तेव्हा १६ वर्षांचा कॅप्टन जॉन म्हणाला, मी चालवतो. आणि पहिल्याच दिवशी त्याने स्वतःला ज्या ज्या गोष्टींचा वैताग यायचा त्या बंद करून टाकल्या. जुन्या कोचकडे प्रॅक्टिसमध्ये पाणी प्यायची बंदी होती, ती उठली. अंग मोडेपर्यंतचे व्यायाम गेले.

ही सवय त्यांनी आयुष्यभर ठेवली. सेंट जॉन्समध्ये त्यांच्या 'नाही'ची यादीच प्रसिद्ध झाली. प्रॅक्टिसमध्ये टॅकल नाही, म्हणजे एकमेकांना आडवं पाडायचं नाही. शिट्टी नाही. आरडाओरडा नाही. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या नाहीत. दीड तासापेक्षा जास्त प्रॅक्टिस नाही. ज्याला खेळायचंय त्याला टीममधून काढायचं नाही, त्यामुळे यादीत दीडशेच्या वर पोरं. आणि 'कोच' म्हणायचं नाही. नुसतं जॉन. अठरा वर्षांचं पोरगं सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला 'अहो जॉन' सुद्धा नाही, सरळ 'ए जॉन' म्हणणार.

तेव्हा बऱ्याच लोकांना हा विक्षिप्तपणा वाटायचा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंगावर अंग आपटण्याचा खेळ, सरावात आपटलं नाही तर सामन्यात काय करणार? नंतरच्या काळात डोक्याच्या दुखापतींवर संशोधन झालं, आणि डार्टमथने २०१० पासून प्रॅक्टिसमधलं टॅकलिंग बंद केलं. २०१६ मध्ये अख्ख्या आयव्ही लीगने सीझनमधल्या सरावात ते थांबवलं. गॅलार्डी हे पन्नास वर्षं करत होते, आणि वर जिंकतही होते.

किती जिंकत होते? कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त विजयांचा विक्रम तेव्हा एडी रॉबिन्सन यांच्या नावावर होता. ४०८. रॉबिन्सन यांची गोष्ट म्हणजे वेगळा एपिसोड. १९४१ पासून १९९७ पर्यंत लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात त्यांनी कोचिंग केलं. दक्षिणेत वर्णभेद कायद्याने चालू होता, गोऱ्या विद्यापीठांची दारं बंद होती, त्या काळात २०० हून जास्त खेळाडू त्यांनी प्रोफेशनल फुटबॉलपर्यंत पोहोचवले. म्हणून ४०८ आणि ४०९ यांची नुसती तुलना करू नये असं मला वाटतं. दोघांनी चढलेले डोंगरच वेगळे होते.

तर ८ नोव्हेंबर २००३. सेंट जॉन्सच्या मैदानावर बेथेल. एका खेड्यातल्या कॉलेजच्या सामन्याला १३ हजारांहून जास्त लोक. आणि सामना एकतर्फी अजिबात नाही. बेथेल तगडी टीम होती, शेवटपर्यंत झुंजली. निकाल २९-२६. फरक फक्त ३ गुणांचा, म्हणजे एका फील्ड गोलचा. गॅलार्डींचा ४०९ वा विजय.

सीझन तिथे थांबला नाही. प्लेऑफ जिंकत ते डिव्हिजन थ्रीच्या फायनलला पोहोचले. ही फायनल स्टॅग बोल म्हणून ओळखली जाते, तेव्हा ती व्हर्जिनियातल्या सेलम गावात व्हायची. समोर ओहायोचं माउंट युनियन. या टीमने आधीच्या दहा सीझनमध्ये सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं होतं आणि सलग ५५ सामने जिंकून ती आली होती. तीन वर्षांपूर्वी, २००० च्या फायनलमध्ये, याच माउंट युनियनने सेंट जॉन्सला १०-७ ने हरवलं होतं. या वेळी सेंट जॉन्स २४, माउंट युनियन ६. चौदापैकी चौदा विजय. त्या वर्षीचा डिव्हिजन थ्रीचा सर्वोत्तम खेळाडूही त्यांचाच, ब्लेक एलियट. त्याला मिळालेल्या बक्षिसाचं नाव होतं गॅलार्डी ट्रॉफी! आपल्याच कोचच्या नावाची ट्रॉफी.

हा सीझन मायॅकचा अभिमान आहे. पण जरा उलट्या बाजूने बघा. सेंट जॉन्स काही कधीमधी जिंकणारी टीम नव्हती. १९९३ साली त्यांनी सामन्यामागे सरासरी ६० हून जास्त गुण केले होते. समोर कोण होते? याच लीगमधली कॉलेजं. कुणाला तरी दर शनिवारी तो मार बसतच होता. तरी 'सेंट जॉन्सला बाहेर काढा' हा ठराव कधी झाला नाही. मग सेंट थॉमसलाच का?

एक मेंबर वाढत गेला

१९२० मध्ये ही सगळी कॉलेजं लहान होती, बहुतेक चर्चशी जोडलेली. हळूहळू एक मेंबर बदलत गेला. सेंट थॉमसने १९७७ पासून मुलींना प्रवेश दिला. १९९० मध्ये नावातलं 'कॉलेज' जाऊन 'युनिव्हर्सिटी' आलं. बिझनेस, लॉ, इंजिनिअरिंग. २०१९ च्या सुमाराला त्यांच्याकडे पदवीचे ६ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. लीगमधल्या सेंट ओलाफकडे साधारण ३ हजार, कित्येकांकडे त्याहूनही कमी. वर सेंट थॉमस भर शहरात.

फुटबॉलमध्ये खरा बदल २००८ पासून. त्या वर्षी ग्लेन कॅरुसो कोच म्हणून आले. आधी कुठे होते? मॅकॅलेस्टरला. हो, तेच पन्नास सामने हरलेलं कॉलेज. तिथून थोड्या अंतरावरच्या सेंट थॉमसमध्ये आले आणि काही वर्षांत ही टीम देशातल्या पहिल्या फळीत. २०१२ आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय फायनल, दोन्हीत माउंट युनियनकडून हार, पण फायनल ती फायनल.

२०१७ हे वर्ष तर विचित्रच. सप्टेंबरमध्ये सेंट थॉमस विरुद्ध सेंट जॉन्स हा सामना मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड या प्रोफेशनल बेसबॉलच्या स्टेडियममध्ये झाला. ३७,३५५ लोक. डिव्हिजन थ्रीच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. सेंट थॉमस २०-१७ ने जिंकलं. १९०१ पासूनचं हे वैर, म्हणजे लीगपेक्षाही जुनं. आणि त्याच सीझनमध्ये तो ९७-० चा सामना.

एकाच टीमचे एकाच सीझनमधले हे दोन सामने शेजारी ठेवा. एकात लीगची सगळ्यात मोठी जत्रा, दुसऱ्यात सगळ्यात मोठी लाज. दोन्हीचं कारण एकच, सेंट थॉमस खूप चांगलं खेळत होतं.

आणि फक्त फुटबॉलच नाही. मुलांचे-मुलींचे सगळे खेळ मिळून लीगमध्ये ज्या ट्रॉफ्या असतात, त्याही वर्षानुवर्षं सेंट थॉमसकडेच. इथे सेंट जॉन्सच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सेंट जॉन्स फुटबॉलमध्ये बलाढ्य होतं, पण कॉलेज म्हणून ते बाकीच्यांसारखंच राहिलं. सेंट थॉमस जिंकत होतं एवढंच नाही, ते वेगळ्या जातीचं झाड झालं होतं.

मग बरोबर कोण?

मे २०१९ मध्ये जाहीर झालं, की सेंट थॉमसने २०२१ च्या वसंतापर्यंत लीगमध्ये खेळावं आणि मग निघावं. निर्णय कॉलेजांच्या अध्यक्षांचा. यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे जे खेळत होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर २०१९ ला दोन जुने वैरी सेंट पॉलच्या अलायन्झ फील्डवर भेटले. सेंट जॉन्स ३८, सेंट थॉमस २०. सगळ्यांना वाटलं अजून एक सामना शिल्लक आहे, पुढच्या वर्षीचा. मग कोविड आला, २०२० चा सीझनच झाला नाही. म्हणजे लीगमधला निरोपाचा सामना होऊन गेला आणि खेळणाऱ्यांना त्या दिवशी ते माहीत नव्हतं.

लीगच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा खरा आहे. हा काही बुद्धिबळ नाही, की हरलो तर घरी जाऊन डाव बघू. शंभर किलोची माणसं धावत येऊन धडकतात. ताकदीत फार फरक असेल तर कमजोर बाजूच्या पोरांना दुखापतीचा धोका वाढतो. आणि कुठलीही स्कॉलरशिप नसताना, फक्त आवडतं म्हणून खेळणाऱ्या मुलाने दरवर्षी तासाभराच्या खेळात ९७ गुणांचा मार का खावा? शिवाय करार सगळ्यांचा आहे. बाकीचे उठून गेले तर लीगच उरत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. ९७ गुण खाणारं सेंट ओलाफ हे लीगमधल्या लहानांतलं लहान कॉलेज नव्हतं, मोठ्यांपैकी होतं. उलट सेंट जॉन्स विद्यार्थिसंख्येने लहान असूनही सेंट थॉमसला टक्कर देत होतं, २०१९ मध्ये १८ गुणांनी हरवलंही. म्हणजे आकार हे कारण खरं, पण पुरेसं नाही. कोच कोण, कॉलेज त्या खेळाला किती महत्त्व देतं, पोरं कुठून शोधून आणतं, हेही तेवढंच. ते कबूल करणं अवघड असतं, कारण मग आरशात बघावं लागतं. 'ते फार मोठे आहेत' असं म्हणणं सोपं.

माझं मत सांगतो. वेगळं व्हायला लीग चुकीची नव्हती, पण हकालपट्टी हा पहिला उपाय नको होता. आणि हे मी का म्हणतोय ते पुढच्या घटनांवरून बघा.

२०२१ मध्ये सेंट थॉमस गेलं. आणि त्याच वर्षी, २००१ च्या सीझननंतर बाहेर राहिलेलं मॅकॅलेस्टर फुटबॉलसाठी मायॅकमध्ये परत आलं! डुलुथचं सेंट स्कोलॅस्टिका हे कॉलेजही सामील झालं. दहा टीम झाल्यावर लीगने दोन गट केले, नॉर्थवुड्स आणि स्कायलाइन. शेवटच्या आठवड्यात एका गटातल्या टीमचा सामना दुसऱ्या गटात त्याच क्रमांकावर असलेल्या टीमशी. पहिला विरुद्ध पहिला, त्यातून विजेता. तळाचा विरुद्ध तळाचा, म्हणजे हरत आलेल्या पोरांनाही सीझनच्या शेवटी बरोबरीचा एक सामना. बघा, मॅचमेकिंगच आहे हे. बरोबरीसाठी माणसं काढण्याऐवजी वेळापत्रक बदलता येतं, हे लीगला कळत होतं. त्याने सगळे ९७-० थांबले असते असं नाही. पण १९७४ ते १९८० मध्ये मॅकॅलेस्टरच्या पोरांसाठी कुणी असा विचार केला असता तर? बरोबरीचा प्रश्न तेव्हाही होता. तो 'प्रश्न' ठरायला मात्र वरच्या टीमचं नाव बदलावं लागलं.

सेंट थॉमसचं काय झालं? एनसीएएने २०२० मध्ये त्यांना खास परवानगी दिली आणि ते थर ओलांडून थेट डिव्हिजन थ्रीमधून डिव्हिजन वनमध्ये गेले. आधुनिक काळात असं करणारं ते पहिलंच. फुटबॉलसाठी पायोनियर लीगमध्ये सामील झाले, जिथे डिव्हिजन वन असूनही फुटबॉलची स्कॉलरशिप देत नाहीत. आणि दुसऱ्याच वर्षी, २०२२ मध्ये, तीही लीग जिंकली. म्हणजे 'हे आमच्या मापाचे नाहीत' हे मायॅकचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हाकललेल्याचं भलं झालं असं म्हणता येईल. फक्त १९०१ पासून चालत आलेला शनिवार गेला.

गॅलार्डींनी हे काही बघितलं नाही. २०१२ मध्ये ४८९ विजयांवर ते थांबले, ऑक्टोबर २०१८ मध्ये ९१ व्या वर्षी गेले. हकालपट्टीची घोषणा त्यानंतर सात महिन्यांनी. पण त्यांच्या यादीतली एक गोष्ट मला या सगळ्यात सारखी आठवते: टीममधून कुणाला काढायचं नाही. दीडशे पोरं घेऊन पन्नास वर्षं तो माणूस जिंकत राहिला. मैदानात अकराच उतरतात, हे त्यालाही माहीत होतं. तरी बाकीच्यांसाठी जागा ठेवणं हा त्याच्यासाठी खेळाचाच भाग होता.

तुमच्या कॉलेजच्या, सोसायटीच्या टूर्नामेंटमध्ये दरवर्षी एकच टीम जिंकते का? मग तिला काढायचं, गट पाडायचे, की बाकीच्यांनी कंबर कसायची? कमेंटमध्ये नक्की लिहा, मी सगळे वाचतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.